आईला सर्दी झाली म्हणून बाळाला अंगावरून तोडू नका

जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेची गर्दी, रात्रीचा गारठा आणि घरोघरी सर्दी-खोकला. त्यात बाळंतीण सापडली की घरातलं पहिलं फर्मान ठरलेलं: "बाळाला पाजू नको, बाधेल." माझ्या मते नेहमीच्या सर्दीत विषाणूपेक्षा जास्त नुकसान हे फर्मानच करतं.

सर्दी-फ्लू बाळाला होतो तो शिंकेतून, खोकल्यातून, हातांतून, दुधातून नाही. आईला लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासूनच संसर्ग पसरू शकतो, म्हणजे बाळ आधीच संपर्कात आलेलं असतं. आता तिच्या शरीरात तयार होणारी, विषाणूशी लढणारी प्रतिपिंडं दुधातून मिळायची, तर आपण नेमकं तेच बंद करतो. वर पाजणं अचानक थांबलं की छाती दगडासारखी होते, गाठ धरते, पुन्हा ताप चढतो आणि तोही सर्दीचाच समजला जातो. एकाच बाजूला लाल, गरम, दुखरा भाग असेल तर तो स्तनदाह. डॉक्टरांना दाखवा, पण पाजणं तेव्हाही चालूच.

बाळाला घेण्याआधी साबणानं २० सेकंद हात धुवा, नाक-तोंड झाकणारा मास्क लावा, तो ओला झाला की बदला. मुके नकोत. उठवतच नसेल तर दूध काढून ठेवा आणि घरातल्या धडधाकट माणसानं वाटी-चमच्यानं पाजावं. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंत ४ तास टिकतं; आपल्या एप्रिल-मेच्या खोल्यांना हा हिशेब लागू नाही, तिथे सरळ फ्रीज.

खरी गडबड मेडिकलवाल्याकडच्या "सर्दीच्या गोळी"त आहे. त्या एका गोळीत तीन-चार औषधं असतात. नाक मोकळं करणाऱ्या स्यूडोएफेड्रिननं दूध घटतं: एका छोट्या अभ्यासात ६० मिलिग्रॅमच्या एकाच डोसनंतर दिवसभराचं दूध सरासरी २४ टक्क्यांनी कमी झालं होतं. शिंका थांबवणाऱ्या क्लोरफेनिरामिननं बाळ सुस्त होऊ शकतं. त्याच गोळीत पॅरासिटामॉलही असतं, त्यामुळे वेगळी तापाची गोळी घेतली की डोस दुप्पट. ताप-अंगदुखीला नुसतं पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० घ्या, दोन गोळ्यांत किमान ६ तास, दिवसात ४ च्या वर नाही. ॲस्पिरिन आणि कोडीनचं खोकल्याचं औषध नको. नाक चोंदलं तर मिठाच्या पाण्याचे थेंब. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. फ्लूच असेल तर डॉक्टर ओसेल्टामिविर देऊ शकतात, त्यातही पाजता येतं. पण पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर फायदा जास्त.

शेक-शेगडी आणि धुरी मात्र थांबवा. बंद खोलीतला धूर आईचा खोकला वाढवतो आणि बाळाची छाती भरवतो. वाफ घ्यायची तर साध्या पाण्याची, बाळ दुसऱ्या खोलीत ठेवून. आणि "खोकल्याला बरं" म्हणून बाळाला मधाचं बोट नको. वर्षाच्या आत मध अजिबात नाही.

बाळ ३ महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप १००.४ फॅरनहाइट झाला तर त्याच दिवशी दवाखाना. वय काहीही असो, पाजताना दमणं, बरगड्यांखाली खड्डा पडणं, शू कमी होणं किंवा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त (२ महिन्यांपासून वर्षापर्यंत ५० किंवा जास्त) असेल तर थांबू नका. आईला धाप लागली, छातीत दुखलं किंवा ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या खाली गेला तर तिलाही लगेच न्या.

विड्या वळणाऱ्या घरांत लांबलेला खोकला तंबाखूच्या धुळीवर ढकलला जातो. दोन आठवडे होऊन गेले तर आईची थुंकी टीबीसाठी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते.