कात्रणं, कडा आणि डोळे: एका प्रतिक्रियेला उत्तर

कोलाज, म्हणजे कात्रणं चिकटवून केलेलं चित्र, आपल्याला कसं दिसतं यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मी तक्रार पटली. तुमचं म्हणणं असं: कोलाज म्हणजे मोडतोड, आणि गेस्टाल्ट पंथाचे मानसशास्त्रज्ञ तर तुकड्यांतून सबंध आकृती कशी दिसते ते सांगतात, मग ही फूटपट्टी त्याला लावायची कशाला? शिवाय डोळ्यांचं शास्त्र सांगून चित्राचा अर्थ हाती लागत नाही.

‘डोळा तुकडे जुळवून घेतो’ असं मी सरधोपट लिहिलं, ते चुकलंच. गेस्टाल्ट पंथाच्या माक्स वेर्टहायमरने १९२३ मध्ये जवळीक, साधर्म्य वगैरे नियम (जवळच्या किंवा सारख्या गोष्टी आपल्याला एकत्र दिसतात) मांडले ते मुख्यतः ठिपक्या-रेघांवर. ठिपक्याला मागचं आयुष्य नसतं, कात्रणाला असतं.

पण म्हणून फूटपट्टी फेकून द्यायची का? ब्रिटिश कोलाजकार जॉन स्टेझाकरची ‘मास्क’ मालिका बघा. सिनेनटांचे जुने फोटो आणि ऐन चेहऱ्यावर निसर्गदृश्याचं पोस्टकार्ड, बस. कार्डाची कड केसांची, मानेची रेषा जिथे अडवते तिथे आपण धरून चालतो की चेहरा मागे आहे, झाकलाय. दाराआड अर्धा दिसणारा माणूस आपण रोज असाच पुरा करतो. पण कार्डावरच्या पुलाच्या कमानी नेमक्या डोळ्यांच्या खोबणींच्या जागी येतात, आणि चेहरा कार्डावरच दिसायला लागतो. दोन्ही चेहऱ्यांना तीच जागा हवी. युक्ती कळल्यावरही कार्डावरचा चेहरा दिसायचा थांबत नाही, याने मी जास्त अस्वस्थ होतो. इथे जुळत काहीच नाही; जुळवायची खोड मात्र सुटत नाही. मूळ लेखात हे लिहायला हवं होतं.

(हे आजचंही नाही. पिकासोने १९१२ मध्ये वेताच्या विणीचं छापील मेणकापड चित्रात चिकटवलं. चित्रात सगळ्यांत अस्सल वाटते ती हीच खोटी वीण.)

आता अर्थाचं. केनियात जन्मलेली चित्रकार वांगेची मुटू स्त्रीरोगांच्या जुन्या वैद्यकीय चित्रांवर मासिकांतले डोळे, ओठ चिकटवते. चेहरा चटकन दिसतो. एक डोळा आणि ओठ पुरतात. खाली काय छापलंय ते उशिरा कळतं, कारण बारकावे दिसतात ते नजरेच्या मध्यावरच्या जेमतेम दोन अंशांत, म्हणजे हात लांब केल्यावर अंगठ्याची रुंदी दिसते साधारण तेवढ्यात. बाकीचं नजर सेकंदाला तीन-चार उड्या मारत गोळा करते. मग लक्षात येतं की ज्याला गाल समजलो ते रोगट अवयवाचं चित्र आहे. स्त्रीच्या शरीराकडे कुणी, कोणत्या अधिकाराने पाहिलं, हे डोळ्यांचं शास्त्र सांगणार नाही. तिथे तुम्ही बरोबर. पण तोवर आपणही त्या अवयवाला चेहरा मानून टक लावून बसलेलो असतो. हे अवघडलेपण इतिहास वाचून येत नाही.

तुम्ही उदाहरण दिलेलं जर्मन चित्रकार हाना ह्योखचं १९१९ चं कोलाज मात्र मला खरंच अडवतं. तिथे इतकी गर्दी आहे की नजर कुठे टेकतच नाही, आणि माझे नियम तोकडे पडतात. खाली उजव्या कोपऱ्यात तिने स्त्रियांना मताधिकार असलेल्या देशांचा नकाशा लावलाय, शेजारी स्वतःचा इवलासा चेहरा. तो मला तिसऱ्या खेपेला दिसला.