बातमी आपल्या बाजूची नसली तरी…

पत्रकारितेचं स्वातंत्र्य हवं का, असं विचारलं तर नाही म्हणणारा क्वचितच भेटेल. पण आपल्या आवडत्या नेत्याविरुद्ध बातमी आली की तीच माणसं 'विकाऊ मीडिया' म्हणून मोकळी होतात. विरोधी पक्ष सत्तेत असताना निर्भीड वाटलेला पत्रकार, सरकार बदललं की डोळ्यांत खुपायला लागतो. मला याचा मनापासून राग येतो.

१९४३ चा बंगालचा दुष्काळ आठवा. लाखो माणसं गेली. वर युद्धकाळातली सेन्सॉरशिप. अशा वेळी ऑगस्टमध्ये कलकत्त्याच्या 'द स्टेट्समन'ने रस्त्यावर भुकेने तडफडणाऱ्या माणसांचे फोटो छापले. पेपर ब्रिटिशांच्या मालकीचा, संपादक इयान स्टीफन्सही ब्रिटिश. म्हणजे फोटो छापले ते आपल्याच लोकांच्या सरकारविरुद्ध. आज असा संपादक आपल्या बाजूला निघाला, तर आपण त्याच्या पाठीशी उभे राहू? मला खात्री नाही वाटत.

सरकारी कागदांचंही तसंच. माहिती अधिकारात अर्ज करणाऱ्याकडे आपण संशयाने बघतो. याला काय पडलंय, काहीतरी उकळायचं असेल, वगैरे. तसे लोक असतात, नाकारत नाही. पण कागद दाबून बसलेल्याला आपण तेवढ्याच जोरात जाब विचारतो का?

हा कायदा कुठून आला तेही विसरलोय आपण. १९९४ पासून राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनने जनसुनावण्या घेतल्या. सरकारी कामांची मस्टर, म्हणजे मजुरांची हजेरीपत्रकं, मिळवून गावासमोर मोठ्याने वाचायची, एवढंच. नाव पुकारलं की लोक उठून सांगायचे, हा तर या कामावर गेलाच नव्हता, तो तर कधीच वारलाय. आणि मजुरी उचललेली! ही चोरी पकडायला कुणी ऑडिटर लागला नाही. अक्षरओळख नसलेल्या माणसांनीही ती पकडली, कारण कुठलं नाव खोटं हे त्यांनाच माहीत होतं. या लढ्यातून पुढे २००५ चा कायदा उभा राहिला.

आता २०२३ चा डेटा संरक्षण कायदा बघा. त्याने माहिती अधिकारातलं कलम ८(१)(जे) बदललं. आधी वैयक्तिक माहिती नाकारताना, तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, जनहित मोठं आहे का, हे त्याच कलमात तपासावं लागायचं. त्या अटी गेल्या. कलम ८(२) मधला जनहिताचा मार्ग शिल्लक आहे, पण तो वापरायचा की नाही हे आधी ठरवणार कागद ज्याच्या ताब्यात आहे तोच. मस्टरवरचं नाव ही वैयक्तिक माहितीच की. लाभार्थ्यांची यादीही तशीच. खासगीपण जपायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण सरकारी पैसा कुणाच्या नावावर निघाला, हे त्यात कसं काय बसतं?

एवढा मोठा बदल झाला आणि माझ्या टाइमलाइनवर त्याबद्दल जवळजवळ काहीच दिसलं नाही. पत्रकारांनी लिहिलं, कार्यकर्ते ओरडले. बाकी आपण सगळे कुठला अँकर कुणाचा, यावरच भांडत बसलो होतो.