दुसऱ्या विभागाचे सामने पाहायला कोण येणार?

मित्रहो, आज सकाळी आम्ही काही जण सातपूरच्या एका कारखानदारांकडे रग्बीसाठी मदत मागायला गेलो होतो. नाशिक, धुळे, जळगाव, अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगर येथील हौशी संघांनी एकमेकांच्या गावी जाऊन साखळी सामने खेळावेत आणि त्यासाठी गाडीभाड्याची सोय व्हावी, एवढीच मागणी होती. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मुंबईच्या लीगमधला संघ आणा, मग बोलू. दुसऱ्या विभागाचे सामने पाहायला कोण येणार?" दुसरा विभाग म्हणजे खालच्या पातळीचे संघ, म्हणजे आम्ही. बरोबर मुले होती म्हणून मी तेथे गप्प राहिलो. येथे राहणार नाही.

माझा पुतण्या आयर्लंडमध्ये कॉर्कला नोकरी करतो. त्याच्याकडे गेलो असताना एका शनिवारी त्याने मला ऑल आयर्लंड लीगच्या '१बी' विभागाचा सामना दाखवला. १९९०-९१ च्या हंगामापासून चालणाऱ्या या लीगमध्ये पाच विभाग आणि प्रत्येक विभागात दहा क्लब आहेत. '१बी' हा वरून दुसरा. प्रत्येक क्लब उरलेल्या नऊ क्लबांशी एकदा घरी आणि एकदा त्यांच्या गावी, असे अठरा सामने खेळतो. सामन्यानंतर एका खेळाडूशी ओळख झाली. तो दुभत्या गाईंचा शेतकरी होता. पहाटे धारा काढून तो मैदानावर आला होता, स्क्रमच्या, म्हणजे दोन्ही संघांचे पुढचे खेळाडू एकमेकांना भिडून चेंडूसाठी रेटतात त्या झुंजीच्या, पहिल्या रांगेत प्रॉप म्हणून खांदा देऊन खेळला होता आणि दोन्ही संघांचे एकत्र जेवण होताच संध्याकाळच्या धारांसाठी निघाला होता. खेळण्याचे त्याला काहीही मिळत नाही.

१९९५ मध्ये रग्बी युनियन, म्हणजे पंधरा जणांच्या संघांची रग्बी, व्यावसायिक झाली. आयर्लंडचे उत्तम खेळाडू लेन्स्टर, मन्स्टर, अल्स्टर आणि कॉनॉट या चार प्रांतिक संघांकडे गेले, क्लबांची गर्दी ओसरली. तरीही क्लब चालूच राहिले. कारण दर शनिवारी येणारी अशी माणसे तेथे होती.

आपल्याकडे काय झाले? जून २०२५ मध्ये मुंबईत सहा संघांची रग्बी प्रीमियर लीग झाली. त्यामुळे आपल्या खेळाडूंना पैसे मिळाले आणि लोकांना खेळाचे नाव कळले, हे मान्य. पण तो सात जणांचा खेळ आहे, आणि त्यात वेगालाच किंमत. पंधरांच्या खेळात पुढचे आठ आणि मागचे सात असतात. भारदस्त मुलगा प्रॉप होतो, बुटका चपळ मुलगा स्क्रममधून चेंडू बाहेर काढणारा स्क्रम-हाफ होतो, पळणारा मैदानाच्या कडेला, विंगवर जातो. शाळेत ज्याला कोणीच संघात घेत नाही, अशा मुलाचीही येथे गरज असते. आमच्याकडे असा एक मुलगा आहे. कारखानदारांचे ते शब्द ऐकताना त्याने मान खाली घातली, आणि हे लिहितानाही माझा संताप आवरत नाही. कॉर्कच्या त्या शेतकऱ्याला कोणी कधी विचारले असेल का, की तुझा सामना पाहायला कोण येणार?

प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली, पण त्याआधी कितीतरी वर्षे महाराष्ट्रातील मंडळांनी वर्गणी काढून, पेट्रोमॅक्सच्या उजेडात सामने भरवून कबड्डी जगवली होती. रग्बीला अशी मंडळे मिळालीच नाहीत. १८७८ मध्ये रग्बी खेळणारा कलकत्ता फुटबॉल क्लब बंद पडताना सभासदांनी शिल्लक चांदीचे रुपये वितळवून चषक घडवला. त्यासाठी इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही झुंजतात. खेळ मात्र आपल्याकडे बराच काळ मोजक्या जिमखान्यांपुरता उरला. तरीसुद्धा आपल्या मुलींनी २०१९ मध्ये मनिला येथे सिंगापूरला २१-१९ असे हरवून पंधरांच्या खेळातील पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला. त्या जिद्दीला वर्षभराचे सामने मिळाले तर काय होईल, याचा विचार करून पाहा.

त्या कारखानदारांवर माझा राग आहे, पण त्यांनी असा सामना कधी पाहिलेलाच नाही, हेही खरे. कॉर्कला हरलेला संघ बाहेर पडताना जिंकलेल्या संघाने दोन रांगा करून टाळ्या वाजवल्या, तेव्हा तो प्रॉप चिखलाने माखलेल्या हातांनी सर्वांत जोरात टाळ्या वाजवत होता. हे आपल्या मुलांनी अनुभवावे, असे मला मनापासून वाटते.

पहिल्या हंगामाला चार संघ पुरेत. सामने रविवारी ठेवू, म्हणजे अंबड-सातपूरला नोकरी करणाऱ्यांनाही खेळता येईल. या खेळात दुखापती होतात, ते नाकारता येणार नाही. म्हणून प्रत्येक सामन्याला डॉक्टर हवेतच, आणि डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला बाहेर काढण्याबाबत त्यांचाच शब्द अखेरचा राहील. ज्यांच्याकडे मैदान आहे, बस आहे किंवा रविवारची दुपार मोकळी असलेले डॉक्टर ओळखीचे आहेत, त्यांनी कृपया मला कळवावे.