सुटाबुटातले बाबासाहेब आणि एक फसवा फॉरवर्ड

'खरा नेता कपड्यांवरून ओळखा' असा एक फॉरवर्ड सध्या फिरतोय. डावीकडे पंचा नेसलेले गांधीजी, उजवीकडे सुटाबुटातले बाबासाहेब, खाली पाच मुद्दे. थोडक्यात सांगायचं तर: गरिबांचा नेता गरिबांसारखा राहतो, सूट घालणारा मनाने इंग्रजच, खादी नाही तर देशप्रेम नाही, बाबासाहेबांनी भारतीय पोशाख कधी अंगाला लावला नाही, आणि आता कपड्यांवरून कोण कोणाला अडवतं, मग पुतळ्यांना अजून निळे सूट कशाला? आत्याने हे फॅमिली ग्रुपवर टाकलं तेव्हा मी सोडून दिलं. आत्या रोज असलं काहीतरी टाकते. पण परवा नववीतल्या भाच्याच्या वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणात यातले मुद्दे जसेच्या तसे उतरवलेले दिसले आणि माझं डोकं फिरलं.

सगळ्यात विषारी मुद्दा पहिला. गरिबांसारखं राहायचं म्हणजे नक्की कोणासारखं? अस्पृश्यांनी अंगावर काय घालायचं हे त्यांच्या खिशावर सोडलेलंच नव्हतं, ते गाव ठरवायचं. बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी एक भाषण लिहिलं. मंडळाने कच खाल्ली, भाषण झालंच नाही. मग त्यांनी ते 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या नावाने स्वतःच छापलं. त्यात 'टाइम्स ऑफ इंडिया'तली जानेवारी १९२८ ची एक बातमी दिली आहे. इंदूरकडच्या कनारिया, बिचोली हप्सी, बिचोली मर्दाना आणि आसपासच्या गावांतल्या सवर्णांनी बलाई या अस्पृश्य जातीला नियम घालून दिले. सोनेरी जरीकाठाची पगडी बांधायची नाही. रंगीत किंवा नक्षीच्या काठाचं धोतर नेसायचं नाही. बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत, झोकदार कपडे घालायचे नाहीत. शिवाय सवर्णांच्या घरी कोणी मेलं तर नातेवाइकांना निरोप पोचवायचा, त्यांच्या बायकांच्या बाळंतपणाला हजर राहायचं, आणि या कशाचाही मोबदला मागायचा नाही. मान्य नसेल तर गाव सोडायचं. बलायांनी नकार दिला, तर त्यांचं विहिरीवरचं पाणी तोडलं आणि गुरं चरायला सोडायची बंदी केली.

बलायांना जरीची पगडी परवडतच नसती, तर असला नियम करायची गरज कोणाला पडली असती? चार पैसे हातात आलेल्या माणसाने ते अंगावर दिसू द्यायचे नाहीत, एवढ्यासाठीच तो नियम होता. आणि त्याला जुना आधारही होता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायातला ५२ वा श्लोक काढून बघा: चांडाळांनी मेलेल्यांचे कपडे वापरावेत, फुटक्या भांड्यात जेवावं, दागिने लोखंडाचे घालावेत. तीच मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ ला महाडच्या सत्याग्रह परिषदेत जाळली. त्याच परिषदेत बाबासाहेब बायकांशी स्वतंत्रपणे बोलले, ते कपड्यांवर आणि दागिन्यांवरही बोलले. ज्या तऱ्हेने लुगडं नेसल्यावर लांबूनच जात ओळखू येते ती तऱ्हा सोडा. गळ्यातल्या भाराभर गळसऱ्या आणि कोपरापर्यंत चढवलेले कथलाचे गोठ काढून टाका. बॅरिस्टर माणूस सत्याग्रहाच्या मांडवात लुगड्याबद्दल बोलतो, म्हणजे त्याला कपड्यांचं राजकारण फॉरवर्ड लिहिणाऱ्यापेक्षा बरंच जास्त कळत होतं.

गांधीजींनी पंचा नेसायला सुरुवात केली ती २२ सप्टेंबर १९२१ ला मदुराईत, पूर्ण विचार करून. मोठीच कृती होती ती, मला तिची टिंगल करायची नाही. पण दिवाणाच्या मुलाने अंगरखा उतरवला की लोकांना त्याग दिसतो. महाराच्या मुलाने तेच केलं असतं तर गाव म्हणालं असतं, बरोबर आहे, याने हेच घालायचं असतं. कोलंबियाची आणि लंडनची पदवी घेऊन आलेल्या त्या मुलाने कोट चढवला, टाय बांधला, आणि १९३१ च्या गोलमेज परिषदेत गांधीजींच्या समोर बसून त्यांच्याशी वाद घातला. ज्याला जे नाकारलं होतं ते त्याने घातलं, यात इंग्रजांची हुजरेगिरी कुठून आली?

'मनाने इंग्रज' हा दुसरा मुद्दा मग वेगळा खोडायची गरज नाही. तरीही, गांधीजींनीच आत्मचरित्रात लिहिलंय की लंडनला शिकताना बाँड स्ट्रीटवर १० पौंड घालून सूट शिवला आणि आरशासमोर टाय बांधण्यात रोज दहा मिनिटं घालवली. भगतसिंगांच्या डोक्यावरची हॅट तर घरोघरच्या कॅलेंडरांवर आहे. त्यांना कोणी साहेबाचा माणूस म्हणत नाही.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी, नाहीतर आत्या तेवढंच धरून बसेल. बाबासाहेबांना उत्तम कपड्यांची हौस होती. फाउंटन पेनांचीही होती. प्रत्येक टायमागे क्रांती शोधत बसायचं कारण नाही. हौस आणि राजकारण एकाच कोटात मावतं.

खादी म्हणजे गरिबाचं कापड, हेही अर्धंच खरं. मदुराईच्या वाटेवर आगगाडीत गांधीजींनी लोकांना खादीबद्दल विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं की आम्ही गरीब आहोत, खादी महाग पडते. पंचा नेसण्यामागे हे उत्तरही होतं.

'भारतीय पोशाख कधीच नाही' ही सरळ थाप. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा घेताना बाबासाहेबांच्या अंगावर पांढरं रेशमी धोतर आणि पांढरा कोट होता.

उरला निळा सूट. बाबासाहेब काही रोज निळाच सूट घालत नव्हते, तो रंग लोकांनी दिला. १९४२ साली स्थापन झालेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा, म्हणजे बाबासाहेबांच्या पक्षाचा, झेंडा निळा होता, तिथून तो पुतळ्यांवर आला असं सांगतात. आणि आता कपड्यांवरून कोण कोणाला अडवतं, असं जे विचारलंय, त्याचं उत्तर फार मागे जाऊन शोधावं लागत नाही. २०२३ साली गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात एका दलित तरुणाने पोलिसांत तक्रार दिली. चांगले कपडे आणि गॉगल घातला म्हणून त्याला मारहाण झाली होती.