पांढरी पाच, किंचित चढी

ज्या वयात माणसं गुडघ्यांसाठी चांगला डॉक्टर शोधतात, त्या वयात मी घरी अॅम्प्लिफायर बनवायला निघालो होतो, तोही जुन्या काचेच्या नळ्यांचा, म्हणजे व्हॉल्व्हचा. त्यासाठी पुण्याच्या तपकीर गल्लीत ईएल ८४ नावाचे व्हॉल्व्ह शोधत होतो. "व्हॉल्व्ह आहेत का?" विचारल्यावर पहिल्या दुकानदाराने मला नळाच्या दुकानाचा पत्ता दिला. दुसऱ्याने सहानुभूतीने विचारलं, "रेडिओ वडिलांचा का हो?" तिसरा मात्र काही न बोलता माळ्यावर चढला आणि धुळीच्या लोटासकट खोकी घेऊन उतरला. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये एके काळी असे व्हॉल्व्ह बनत, त्यातलेच होते. लग्नाच्या वेळी मुलगी बघताना केली नसेल एवढी चौकशी मी त्या चार काचेच्या नळ्यांची केली.

बेत साधा होता. स्टिरिओ, म्हणजे दोन्ही बाजूंच्या स्पीकरला एकेक ईएल ८४, दोघांच्या आधी आवाज थोडा वाढवून द्यायला मिळून एक ईसीसी ८३, आणि एसीचं डीसी करायला ईझेड ८१. हिशेबही साधाच. प्रत्येक ईएल ८४ला २५० व्होल्ट द्यायचे, ती ४८ मिलिअँपिअर पिणार, शिवाय प्रत्येक नळीच्या पोटातली शेगडी ६.३ व्होल्टवर अखंड पेटती. भिंतीतून साठेक वॅट घ्यायचे, पन्नास वॅटांनी खोली तापवायची आणि उरलेले दहा गाण्याला. हिने कागद पाहिला आणि म्हणाली, "हिवाळ्यापर्यंत होईल का तयार?"

खरी गंमत ट्रान्सफॉर्मरची. व्हॉल्व्हला पाच हजार ओहमच्या आसपासचा भार लागतो आणि स्पीकर असतो आठ ओहमचा. दोघांचं जुळवून द्यायला मधे ट्रान्सफॉर्मर हवा, पंचवीसास एक वेढ्यांचा. ज्यांच्याकडे तो गुंडाळायला दिला ते काका जन्मभर स्टॅबिलायझर आणि इन्व्हर्टर भरत आलेले. मी बजावलं, "काका, याच्यातून सतत डीसी जाणार आहे. लोखंडाच्या इंग्रजी ई आकाराच्या पत्त्या सगळ्या एका बाजूने, आय आकाराच्या समोरून, आणि मधे कागदाची फट ठेवा."

"फट?" काका चष्म्यावरून बघत राहिले. "साहेब, फट राहू नये म्हणून तर तीस वर्षं हातोडी मारतोय."

आठवड्याने दोन देखणे ट्रान्सफॉर्मर मिळाले. वार्निश असं की तोंड दिसावं. घरी लावले तर तबल्याचा डग्गा टिनाच्या डब्यासारखा वाजायला लागला. परत गेलो. काका खुशीत होते. "तुम्ही फट म्हणाला होता, पण म्हटलं गिऱ्हाईक भोळं आहे, फसवायचं कशाला? एक पत्ती इकडून, एक तिकडून, घट्ट बसवून दिलंय. त्याचे जास्त पैसे नकोत." डीसीमुळे लोखंड आधीच चुंबकत्वाने तुडुंब भरलेलं, त्यात खर्जाला जागा उरणार कुठून! प्रामाणिक माणसाशी भांडताही येत नाही. मी पुन्हा पैसे देऊन फट विकत घेतली.

पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्ड हवा, म्हणजे विजेच्या वाटेत मधे एक दिवा; कुठे शॉर्ट असला तर तो भगभगून सांगतो. त्यासाठी जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब लागतो, आणि तो मिळवताना व्हॉल्व्हपेक्षा जास्त दुकानं झाली. शिवाय आत तीनशेच्या वर व्होल्ट. बटण बंद केलं तरी वीज साठवणारे कपॅसिटर राग धरून बसतात. म्हणून आत हात घालताना दुसरा हात खिशात ठेवायचा, छातीतून करंट जायला नको. शेजारचे जोशी दारातून म्हणाले, "वा, एका हाताने काम! सराव दिसतोय."

दिवा क्षणभर उजळला, मंदावला. नळ्या केशरी झाल्या. आणि गाणं सुरू व्हायच्या आधी खोलीभर "हूंऽऽ" पसरलं.

आतल्या खोलीतून आत्या बाहेर आली. तिने चाळीस वर्षं गाणं शिकवलंय. डोळे मिटून ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "खर्जातली पांढरी पाच. किंचित चढी आहे."

मी मनातल्या मनात हिशेब केला. ती पांढरी पाच, म्हणजे पेटीच्या खर्जातली पाचवी पांढरी पट्टी, ९८ हर्ट्झ. माझी घरघर १०० हर्ट्झ, म्हणजे ५० हर्ट्झच्या विजेचं डीसी करताना उरलेली लाट. हजारो रुपयांचा ऑसिलोस्कोप जे दाखवतो ते म्हातारीने डोळे मिटून सांगितलं होतं.

लाट मारायला मी पहिला कपॅसिटर २२० मायक्रोफॅरडचा घातला. ईझेड ८१ला ५० पर्यंतच सोसतो. हे मला माहीत होतं, पण हाव. आत निळी ठिणगी उडाली आणि माळ्यावरच्या माणसाकडे पुन्हा जावं लागलं. मग मुकाट्याने चोक, म्हणजे लाट अडवणारं तारेचं वेटोळं, घातला, जमिनीच्या सगळ्या तारा एका स्क्रूखाली आणल्या.

"आता?" मी विचारलं.

"ते गेलं रे. पण खाली एक सप्तक काहीतरी आहे अजून."

एक सप्तक खाली म्हणजे ५० हर्ट्झ, म्हणजे ही लाट नव्हेच, शेगड्यांच्या तारांची कुजबुज! मी त्या तारा सरळ, शिस्तीत, समांतर नेल्या होत्या.

"वेणी घालायची," असं मी पुटपुटलो.

"मग घाल की," आत्या म्हणाली, "शाळेत तुझ्या बहिणीची घालत होतास ना?"

त्या रात्री पीळ घालून तारा कोपऱ्यांतून फिरवल्या आणि मेन ट्रान्सफॉर्मर काटकोनात वळवला. दुसऱ्या दिवशी आवाज पूर्ण उघडून स्पीकरला कान लावला. काही नाही. निव्वळ शांतता, वर्षभर राबून कमावलेली.

आत्याला खुर्चीत बसवलं. ती बराच वेळ ऐकत होती. मी श्वास रोखून उभा.

"छान," ती म्हणाली. "आता तुझा फ्रीज स्पष्ट ऐकू येतो. तोही पांढरी पाचच आहे."