"चांगला प्रश्न आहे" म्हणे!

आज ऑफिसात मीटिंग होती. बायकांना जास्त प्रमाणात टीम लीड करायचं ठरतंय, त्यावर एका महाशयांनी हात वर केला. "सर, पण याने क्वालिटी घसरणार नाही ना?" साहेब म्हणाले, "चांगला प्रश्न आहे." आणि मग शांतपणे समजावत बसले, की नाही हो, निकष तेच राहतील, काळजी नसावी. आम्ही बायका समोरच बसलो होतो.

घरी आल्यापासून डोकं भणभणतंय आणि सारखी अर्सुला बर्न्स आठवतेय.

१९८९ साल. अमेरिकेतली झेरॉक्स कंपनी. बर्न्स तिथे इंजिनिअर, तिशीतली, काळी, बाई. अशाच एका बैठकीत कुणीतरी हेच विचारलं, की सगळ्या गटांतल्या माणसांना संधी देणाऱ्या असल्या धोरणांमुळे भरतीचा दर्जा खाली येत नाही का? वेलंड हिक्स नावाच्या बड्या अधिकाऱ्याने सभ्यपणे उत्तर दिलं. बर्न्सने त्यालाच सुनावलं: असल्या म्हणण्याला तुम्ही किंमत दिलीत, याचंच मला आश्चर्य वाटतं!

काही आठवड्यांनी त्याने केबिनमध्ये बोलावलं. तिला वाटलं, गेली नोकरी. तो म्हणाला, मुद्दा बरोबर होता, मांडायची पद्धत चुकली. पुढे १९९० मध्ये त्याने तिला आपली एक्झिक्युटिव्ह असिस्टंट केलं. दुरून हरकाम्याचं पद वाटतं, पण कंपनी वरून कशी चालते ते तिथे बसून कळतं. मग कंपनीचे प्रमुख पॉल अलेअर यांनी तिला आपल्याकडे घेतलं. आणि २००९ मध्ये ती सीईओ झाली. फॉर्च्युन ५०० म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या पाचशे कंपन्यांची यादी, तिच्यातली पहिली काळी बाई सीईओ. तिच्या आधी त्या खुर्चीत अ‍ॅन मल्काही होत्या, म्हणजे बाईने बाईकडे कारभार सोपवला. त्या यादीत हेही पहिल्यांदाच.

आमच्या मीटिंगनंतर कुणी कुणाला केबिनमध्ये बोलावलं नाही. चहा झाला, सगळे जागेवर गेले.

क्वालिटी, क्वालिटी! न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधल्या सरकारी वसाहतीत वाढलेली पोर. आई पनामाहून आलेली, एकटीने तीन मुलं वाढवणारी. घरात पाळणाघर चालवायची, गल्लीतल्या डॉक्टरांच्या शर्टांना इस्त्री करायची आणि त्या पैशांतून मुलांना कॅथलिक शाळेत पाठवायची. अशा बायका आपण सगळ्यांनी जवळून पाहिल्यात, जास्त सांगत नाही. लेक गणितात हुशार निघाली. ब्रुकलिनला मेकॅनिकल केलं, कोलंबियात मास्टर्स. ती आई लेकीला त्या खुर्चीत बघायला राहिली नाही. हे आठवलं की माझा राग जरा वेळ कुठेतरी जातो.

हो, मास्टर्सच्या खर्चाचा काही भाग झेरॉक्सच्या अल्पसंख्याक इंजिनिअरांसाठीच्या योजनेतून आला होता. मग? पैसे योजनेचे, थर्मोडायनॅमिक्सचा पेपर तिनेच सोडवला ना? आपल्याकडेही फी माफीवाल्या मुलींकडे असंच बघतात, तुम्हाला माहितीये.

आणि मान्य, बर्न्सच्या काळात ६.४ अब्ज डॉलर मोजून घेतलेली एसीएस ही आउटसोर्सिंगची कामं करणारी कंपनी फार फळली नाही, २०१६ संपताना तो धंदा वेगळा काढावा लागला. पण पुरुष सीईओचा सौदा फसला म्हणून पुढच्या पुरुषाच्या वेळी कुणी हात वर करून क्वालिटीची चौकशी करतं का? आज तो हात वर करणारा गृहस्थ स्वतः गेल्या वर्षी एक अख्खं प्रोजेक्ट बुडवून बसलाय. त्याला कुणी काही विचारलं नाही. "चांगला प्रश्न" तर सोडाच.

२०१६च्या शेवटी बर्न्सने सीईओपद सोडलं. त्यानंतर मार्च २०२१ मध्ये रोझालिंड ब्रुअर ही काळी बाई वॉलग्रीन्स या औषध दुकानांच्या कंपनीची प्रमुख होईपर्यंत त्या पाचशे कंपन्यांत कायम नेमलेली एकही काळी बाई सीईओ नव्हती. चार वर्षं मैदान मोकळंच होतं की! तेवढ्या काळात पाचशे कंपन्यांत काय काय दिवे लागले, त्याचा हिशोब क्वालिटीवाल्यांनी आधी मांडावा.

कमेंटमध्ये "ताई, दुसरी बाजूही समजून घ्या" लिहिणाऱ्यांना आज उत्तर मिळणार नाही. कुकर लावायचाय.