मिकोवायचिकला पदकं जोडीदारणींनी मिळवून दिली?

बेआता मिकोवायचिक ही पोलंडमधल्या बिद्गोश्चची कयाकपटू. कयाक म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद बोट. तिच्याविषयी एक मत वारंवार पुढे पाठवलं जातं: 'ऑलिंपिक पदकं तीन, पण तिन्ही दोघींच्या बोटीत. जोडीदारीण तगडी म्हणून जमलं. कयाक म्हणजे दंडातली ताकद, दोन ताकदवान बायका बसवल्या की झालं. एकटीने काय जिंकलं?'

आधी जोडीदारणींचं बघू. 2008 मध्ये बीजिंगला 500 मीटर के-2, म्हणजे दोघींच्या कयाकच्या शर्यतीत तिला अनेता कोनिएच्नासोबत रौप्य मिळालं. कोनिएच्ना अनुभवी होती हे खरंच. 2000 आणि 2004 ची कांस्यपदकं तिच्या नावावर होती, पण ती बेआता सोकोवोव्स्कासोबतची. रौप्य आलं ते 22 वर्षांची मिकोवायचिक बोटीत आल्यावर, तेही फ्रान्सच्या जोडीला 0.04 सेकंदाहून कमी फरकाने मागे टाकून. पुढे 2012 (लंडन) आणि 2016 (रिओ) ची कांस्यपदकं कारोलिना नायासोबत. लंडनला नाया स्वतः 22 वर्षांची होती आणि ते तिचं पहिलंच ऑलिंपिक होतं. म्हणजे एकदा मिकोवायचिक नवखी, एकदा जाणती. दोन्ही वेळा श्रेय समोरचीलाच द्यायचं, हा कुठला हिशेब?

आता ताकदीचा मुद्दा. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. रिओत हंगेरीच्या दानुता कोझाकने 500 मीटरचं सुवर्ण एकटीच्या बोटीतही जिंकलं आणि दोघींच्याही. वेळ साधारण 1 मिनिट 52 सेकंद आणि 1 मिनिट 44 सेकंद. माणसं दुप्पट, वाचले आठ-नऊ सेकंद. वेग वाढला की पाण्याचा विरोध त्याहून झपाट्याने वाढतो, म्हणून नुसतं बळ ओतून फार काही हाती लागत नाही.

के-2 बोट जास्तीत जास्त 650 सेंटीमीटर लांब, कमीत कमी 18 किलोची. वल्ह्याचं पातं पायाच्या बोटांजवळ पाण्यात उतरतं आणि कमरेशी बाहेर येतं. डावीकडे वल्हं मारताना डावा पाय पायफळीवर रेटायचा आणि धड त्याच बाजूला वळवायचं. ओढ तिथून येते, दंड ती फक्त पुढे पोचवतो. पातं कमरेमागे गेलं तर ते पाणी वर उचलतं आणि बोटीचं मागचं टोक खाली दाबतं.

पुढची पायांनी सुकाणू सांभाळते आणि लय ठरवते. मागचीचं पातं पुढचीने ढवळलेल्या पाण्यात पडतं, तरीही ते त्याच क्षणी पडायला हवं. जरा उशीर झाला की बोटीला एकाऐवजी दोन धक्के बसतात, वेग वर-खाली होतो आणि तेवढ्याच श्रमात अंतर कमी कापलं जातं. मागची वजनदार असेल तर आसनं थोडी सरकवून बोट समतल करावी लागते. हे जुळवणं दोन जोडीदारणींसोबत साधणं, हेच मिकोवायचिकचं कौशल्य.

'एकटीने काय जिंकलं' हा प्रश्नच चुकीचा आहे. पोलंडच्याच मार्ता वाल्चिकिएविचने रिओत एकटीच्या 200 मीटरमध्ये रौप्य मिळवलं. ती सुमारे 40 सेकंदांची वेगळी शर्यत, तिची तयारीही वेगळी.

मिकोवायचिकनंतर नाया अन्ना पुवाव्स्कासोबत बसली आणि टोकियोत या जोडीने 500 मीटर के-2 शर्यतीत रौप्य आणलं. 2000 पासून टोकियोपर्यंत सलग सहा ऑलिंपिकमध्ये पोलंडला या शर्यतीत पदक मिळालं. त्यातली मधली तीन मिकोवायचिकच्या वल्ह्याची.